देवाला तिसऱ्यांदा विचारलं

९ जाने.
देवळाची बैठक. कौलारू देऊळ पाडून स्लॅबचं बांधायचं, त्यासाठी देवराईतली झाडं विकायची. मुंबईकर मंडळींचं फोनवर आधीच ठरलंय, इथे आम्ही फक्त माना हलवायच्या. मी म्हटलं, राईला कुऱ्हाड लावायची तर देवाचा कौल हवा. सगळ्यांनी मान्य केलं. मनात म्हटलं, वाचली राय.

१२ जाने.
कौल. गुरवाने मूर्तीला दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवल्या नि गाऱ्हाणं घातलं: राय तोडावी का? डावी पडली, म्हणजे नाही. पुन्हा लावल्या. पुन्हा डावी. मला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. तेवढ्यात देवस्थानचा अध्यक्ष दत्ताराम म्हणाला, "मास्तर, परश्नच चुकतोय. तुमची भाषा बरी, तुमीच लिवून द्या."

भाषेची तारीफ झाली की मी पाघळतो. जुना रोग. लिहून दिलं: 'देवा, तुझं नवं देऊळ व्हावं अशी तुझी इच्छा आहे ना?' वाटलं, याही वेळी डावीच पडेल आणि यांची तोंडं कायमची बंद होतील.

उजवी पडली. ढोल वाजले. ठरावाखाली सचिव म्हणून माझी सही. गाढव आहे मी.

२० जाने.
राईत कटर सुरू. शाळेपर्यंत ऐकू येतो. नववीचा जंगलतोडीचा धडा पुढे ढकलत होतो, आज घ्यावाच लागला. झाडं कार्बन धरून ठेवतात, जाळली की तो हवेत, हवेला सरहद्द नाही. पानांतून उडालेली वाफ कुठल्या कुठे जाऊन पाऊस होते. वगैरे. खिडकीबाहेर घर्रर्र.

मागच्या बाकावरची साक्षी उठली. "सर, तिकडचा जंगल तोडला की इकडचा पाऊस बिघडतो. मंग आपली राय तोडली की कोनाचा बिघडंल?"

म्हटलं, एवढ्याशा राईने जगाचं काय होणार. ती बसली. जगातल्या प्रत्येक गावात एक मास्तर हेच सांगत असेल.

३ फेब्रु.
ऐन, किंजळ, बेहडे, सगळे ट्रकवर आडवे. ड्रायव्हरला विचारलं, कुठे? घाटावर, कारखान्याच्या बॉयलरला. फर्निचर तरी होईल असं मी धरून चाललो होतो. आजोबांच्याही आधीची झाडं. उद्या दुपारपर्यंत धूर.

१७ फेब्रु.
फेब्रुवारीतच अंगाची लाही. कलमांचा मोहोर करपला. दत्तारामच्या भावाचा मुंबईहून फोन: "गावाला काय गरम होतंय हो! सभामंडपाला एसीच लावूया." मी फोन ठेवला.

जेवताना बायकोला, सुनंदाला म्हटलं, आता काय करणार, देवानेच कौल दिला.
ती म्हणाली, "देवाने दोनदा 'नाही' सांगितलं. 'हो' तुम्ही वदवून घेतलंत."
भात तसाच टाकून उठलो. राग तिचा नव्हता.

१ मार्च, रविवार
झऱ्याच्या डोक्यावरची अर्धी राय अजून उभी आहे. वाडीचं पाणी तिच्यावर. उद्या तीही.

वनखात्याला अर्ज लिहायला बसलो. कसं कळलं कोण जाणे, दत्ताराम ओटीवर हजर. "करताव अर्ज? करा. ठरावावर सही कोनाची हाय, ता पन लिवा." चहा पिऊन गेला. वर हसला.

तक्रार कोणाविरुद्ध, ते लिहायचंय. दत्तारामचं नाव घातलं, खोडलं. माझं घातलं. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. भीती वाटते, खोटं कशाला बोलू.

कचेरी उघडते दहाला. कटरवाले सातला येतात. म्हणजे मधले तीन तास कुणीतरी राईत जाऊन उभं राहायला हवं. सुनंदाला अजून सांगितलेलं नाही.