थर्लोकाकांचा शनिवार

अलाबामा, नोव्हेंबर

प्रिय आई,

मी बरा आहे, वेळेवर जेवतो. डॅडींचा गुडघा कसा आहे?

चर्चचं फेसबुक पेज आता मीच चालवतो. दारात उभं राहून चाळीस वर्षं सगळ्यांशी हात मिळवणारे थर्लोकाका गेले. "पोरा, तुझ्या पेजवरून हात मिळवता येतो का?" म्हणायचे.

अंत्यविधी शनिवारी दोनला, असं मी पेजवर टाकलं. मग टीव्हीवाल्यांनी आपल्या कॉलेजची संध्याकाळची फुटबॉल मॅच दोनवर आणली. पेजवर दोनशे जणांनी जोडलेल्या हातांचे इमोजी टाकले. शवपेटीला खांदा द्यायला सहा जण लागतात, आम्ही चौघेच होतो.

मॅचची बदललेली वेळ मी लगेच सगळ्या मित्रांना कळवली होती. अंत्यविधीची बदलावी, हे सुचलंच नाही.

कॉलेजची मॅच चुकवलेली डॅडींना खपत नाही; त्यांनी विचारलं, तर मी मॅच पाहिली म्हणून सांग.

तुझा,
वेस्ली