मुक्या घंटेचा शुक्रवार

११ फेब्रुवारी १९७०, राखेचा बुधवार. मुक्काम राई

हे दयाघन पित्या, उपवासकाळ आरंभला. आधी तुझी कृपा ह्या हातावर उतरो, मग शाई. आज लिहायचे ते माझ्या मुलाविषयी आहे. माझ्याकडून त्याच्यावर अन्याय न व्हावा.

पहाटेच्या मिस्सात सायमनने माझ्या शेजारी गुडघे टेकून कपाळावर राख घेतली. देवळाबाहेर येताच रुमाल काढला आणि पुसून टाकली. तसाच भाईंदरला, मिठाच्या पेढीवर कामाला निघाला.

"लाज वाटते?" मी विचारले.

"आत्ताच शुभवर्तमान ऐकलंत ना, बाबा? उपास कराल तेव्हा तोंड धुवा म्हणून."

आयुष्यभर मुलांना धर्मशिक्षण दिले. प्रभूचेच उत्तर ओठांवर होते: माणसांपुढे जो मला पत्करील... पण तो वळणापलीकडे गेला होता.

१५ फेब्रु., रविवार

फादरांनी जाहीर केले. शुभ शुक्रवारची क्रूसाची वाट यंदा देवळाच्या आवारात नाही. भाईंदरच्या भरल्या बाजारातून, पेढ्यांवरून, खाडीपर्यंत. ऐकून डोळे भरून आले. क्रूस वाहण्याचा मान आमच्या घराचा. आजोबा, वडील, मी. माझे गुडघे आता गेले. तेव्हा सायमन.

जेवताना विषय काढला.

"आवारात वाहीन. बाजारातून नाही."

"कारण?"

"बाजारात लोक मला बघतील, बाबा. त्याला नाही."

मी वचन सांगू लागलो तोच सायमनची आई मार्था भात वाढता वाढता म्हणाली, "प्रभू पन लोकांना आदी जेवू घालीत व्हता. तुमचं प्रवचन मागून. पोराला खाऊ द्या."

खाल्ले.

२७ फेब्रु., शुक्रवार

सायमन डबा विसरला. तो घेऊन स्वतः पेढीवर गेलो. मनात आणखीही होते: शेठजींना भेटून त्या शुक्रवारची त्याची रजा परस्पर मागावी. रजा मिळाली की त्याला सबब उरणार नाही.

सा. मिठागरावर गेलेला. त्याच्या शेजारी बसणारे सावंत, मूळचे रत्नागिरीचे, त्यांनी बाकावर जागा केली.

"बसा मास्तर. आता येईलच तो, बाराच्या आत. घंटा चुकवायचा नाही."

"कसली घंटा?"

"तुमच्या देवळाची! घंटा झाली की हा लेखणी ठेवून उभा. डोळे मिटून, हात जोडून. पहिल्या दिवशी शेठ म्हणाले, 'क्या सायमनभाई, इतनी जल्दी भूख लगी?' आता शेठसुद्धा बोलता बोलता थांबतात. आम्ही पण गप. तुम्हाला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हते. घंटेसरशी म्हणायची ही त्रिकाळ प्रार्थना ह्या मुलाला मीच शिकवली. तो ती अन्य धर्मीयांच्या मधोमध उभा राहून करतो, हे मला परक्याने सांगावे!

डबा सावंतांकडे दिला. रजेचे बोललो नाही.

२ मार्च, सोमवार

दोन्ही आज्ञा प्रभूच्या त्याच एका मुखातल्या. दार लावून प्रार्थना करा. आणि कानात ऐकाल ते छपरावरून पुकारा. इतकी वर्षे मी छपरावरच...

बाराची घंटा झाली. आरामखुर्चीत होतो. खांब धरून उभा राहिलो.

"आज उभं काय ऱ्हायलात?" मार्थाने विचारले. "रोज बसूनच म्हनता."

२२ मार्च, झावळ्यांचा रविवार

फादर : "मास्तर, सायमनचं पक्कं ना? नवघरचा एक जण तयार आहे. मला कळलं पाहिजे."

म्हणालो, गुरुवारी सांगतो. सा.ला विचारले नाही. आजवर मी विचारले असे नाहीच, सांगितले.

२६ मार्च, पवित्र गुरुवार

क्रूस परवाच घरी आणला. पवित्र गुरुवारी आमच्या पडवीत त्याला खोबरेल लावायचे, ही रीत. मला वाकवेना. सा. दुपारी पेढीवरून लवकर आला, बाह्या वर केल्या, न बोलता तेल चोळू लागला. आजोबांच्या खांद्याने गुळगुळीत झालेल्या जागी हात जरा रेंगाळला.

"सावंत विचारत होता. तो मागून चालला तर चालेल का?"

"अवश्य येऊ देत. आणि तू?"

तो फडक्याने हात पुसत राहिला. मग म्हणाला, "उद्या घंटा नाही ना, बाबा?"

"नाही. आज मिस्सात वाजेल ती शेवटची. मग पुनरुत्थानापर्यंत मुकी."

"मग पेढीवर बारा वाजल्याचं कळायचं कसं?"

"त्याच सुमारास क्रूस पेढीच्या दारावरून जाईल," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. होकार की नुसते ऐकले, कळले नाही. खोदून विचारले नाही.

मिस्सा झाल्यावर फादरांना सांगितले: देवळातून क्रूस मी उचलीन. ते माझ्या गुडघ्यांकडे पाहत राहिले. प्रभो, एवढेच मागणे. हे गुडघे पेढीच्या दारापर्यंत पुरू देत. तिथून पुढे तू आणि तो.

आणि हे पान कधी कोणाच्या हाती पडलेच, तर वाचणाऱ्याच्या कपाळावर राख दिसो वा न दिसो, त्याच्या घरावर प्रभूची शांती असो.