युवराजचा कान

सिदू,

थोरली बहीण आठवते का, का तिलाबी दुधनीच्या अडत्याकडं तुरीच्या पोत्यात विसरून आलास? मी तुझी मंद्रूपची बजाआक्का. तुझे गुडघे, भावजय आणि म्हैस सुखात असोत. हितं मात्र काय बी बरं न्हाय. लिहितीया नात ऋतुजा, बोलतीया मी. (लिहिण्यातल्या चुका तिच्या, बाकीच्या माझ्या.)

आपल्या नातवाचं, युवराजचं, मिलिटरीचं बोंबललं. दोन वर्षं पोरगं पहाटं उठून पळालं. गेल्या साली भरतीच्या आठ दिवस आधी पाय मुरगळला, तर मीच म्हणाले, पुढल्या साली जा की. त्यांना एकवीसपर्यंतचाच लागतो. पोरगं हाय विसाचं, पण शाळेच्या दाखल्यावर बाविसाचं. (मिलिटरी दाखला भरती करते, पोरगं न्हाय.) तारीख दुरुस्त करायला त्यानं मला कचेरीत नेलं. साहेब म्हणाला, जन्माचा पुरावा द्या. म्हटलं, मीच की! घरातच झाला, ह्याच हातानं नाळ कापली, हरभरा काढणीला आला होता, शेळी त्याच दिवशी व्याली. साहेब म्हणतो, आजी, कागद पाहिजे. म्हटलं, बाबा, त्या वक्ताला पाणी तापवू का कागद शोधू? मागं रांगेतली माणसं हसली. युवराज हसला न्हाय. दहावी झाल्यावर तारीख हलत न्हाय म्हणे. घरी येऊन त्यानं पळायचे बूट माळ्यावर टाकले. दोन दिवस धड जेवला न्हाय, नुसता शाळेच्या मास्तरला शिव्या घालतोय. (मास्तर वारला बिचारा, म्हणून निभावलं.) पहाटं मला आपोआप जाग येते, आणि पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलेलं दिसतं. बघवत न्हाय रे.

तुझी आक्का (अंगठा)

ता. क. : मास्तरची चूक नव्हती. जुन्या वळणाचा माणूस. डोक्यावरनं हात नेऊन पल्याडचा कान धरला की पोर सहा वर्षांचं, आणि जन्म एक जूनचा. चार वर्षांच्या पोराचा हात कुटं पुरतो? पण मला रानात जायचं असायचं, आणि हे पदराला लोंबकळायचं. म्हणून आठ दिवस त्याच्या डाव्या कानापाशी शेंगापोळी धरून उजवा हात वरनं न्यायला शिकवलं. नवव्या दिवशी शाळेत कान धरला की! टाळ्या मीच वाजवल्या.

आणखी एक : हे फोनवर बोलता येईना, घर एवढंसं, तो ऐकतो. (ऋतुजाला शपथ घातलीया.) तू येऊन सांग, शाळेत तू नेलं होतंस. तुला तसंबी काय आठवत न्हाय, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप लागणार न्हाय.

शेवटचं : नको. सांगते मीच. तू नुसता शेजारी बस. आणि भावजयीला सांग, पाच-सहा शेंगापोळ्या करून दे, गूळ सढळ घाल. ह्या वेळी कानापाशी धरणार न्हाय, सरळ हातात देईन.