आधी बेबीनंदाला विचार

जालना, २ मे २०२५

चि. कल्याण यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

फोनवर तू घाईत असतोस आणि मी रडते, म्हणून बबलूच्या जीपबरोबर हे पत्र पाठवते. अकरा तारखेच्या बैठकीत पाणी सोडणाऱ्या बेबीनंदाला कामावरून काढणार म्हणे. खालच्या गल्लीला पाणी येत नाही, हा तिचा गुन्हा. तू सरपंच. तिला कुणी विचारले का? पदरी दोन मुली आहेत रे तिच्या.

कॉन्व्हेंटमध्ये आमच्या सिस्टर सांगायच्या, आदमने फळ खाल्ल्याचे देवाला ठाऊक होते, तरी बागेतून काढण्याआधी त्याने आदमला विचारले. पुढे चर्चच्या न्यायाधीशांनी तोच दाखला धरला : देवाने ऐकून घेतले, मग माणूस न ऐकता शिक्षा कशी करील? इंग्रजांच्या कोर्टातही हा दाखला दिला गेला, आणि त्यांच्या कायद्याबरोबर तो नियम आपल्याकडे आला. तेवढा तरी पाळ.

दुर्गाला आशीर्वाद. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी अक्का

गावाकडून, ६ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

तुझी शाळा काही सुटेना! ऐकून घ्यायला पाद्री कशाला पाहिजे? आपले आबाही दोन्ही बाजू ऐकायचे. पण इथं बाया रिकाम्या घागरी घेऊन माझ्या दारात बसून राह्यल्या. उपसरपंच भागवतनं ठराव लिहूनसुद्धा ठेवलाय. बेबीनंदा मान खाली घालून गप्प. गप्प म्हणजे चोर, असं सगळे म्हणतात. घरी बायको, दुर्गाही रोज म्हणते, जल्दी काढा तिला, मिटवा.

रागावू नको.
तुझा कल्याण

जालना, ८ मे

चि. कल्याण यास आशीर्वाद.

देव राहू दे, आबांचे तरी ऐक. ठराव आधीच लिहिला तर बैठक कशाला? सगळ्यांसमोर तिला विचार, आणि तिचे संपेपर्यंत कुणाला मध्ये बोलू देऊ नकोस. नाताळात सिस्टरांनी दिलेला केक मी रुमालात बांधून आणायची, तेव्हा माझे सगळे ऐकायचास. एवढे एकदा ऐक.

तुझी अक्का

गावाकडून, १२ मे

ती. अक्कास सा. न. वि. वि.

विचारलं. भागवत ठराव वाचत होता, त्याला थांबवलं. बेबीनंदानं आधी मलाच विचारलं, खरं सांगू का दादा. सांग म्हणालो. मंग म्हणाली, वहिनींनी तुमचं नाव घेऊन सांगितल्तं, तुमच्या मळ्यातला हौद भरेपर्यंत खालच्या गल्लीचं पाणी सोडायचं न्हाई. सरपंचाचा हुकूम मी कशी मोडू?

अक्का, मला बिलकुल ठाऊक नव्हतं. भरलेला हौद मात्र रोज पाहत होतो.

लोक उठले, सरपंचालाच काढा म्हणून ओरडले. बेबीनंदाच मध्ये पडली. म्हणाली, वहिनी इथं न्हाईत, त्यांनाही बोलू द्या. तिचं काम टिकलं. आज खालच्या गल्लीत पाणी आलं. गुरुवारी पुन्हा बैठक आहे. खुर्चीवर भागवत, समोर दुर्गा आणि मी.

दुर्गा कालपासून जेवली न्हाई. म्हणते, हे ज्यांनी लावून दिलं त्या अक्का शेजारी बसणार असतील तरच येते.

बुधवारच्या बसनं ये. आमच्यावरचा लोभ अजून शिल्लक असेल, तर नक्की ये.
तुझा कल्याण