शेगडीचा कोपरा

३ नोव्हेंबर
नाही म्हणजे नाही! लेकीनं फोनवर ऐकूनच घेतलं नाही. "बाबा, लाकडी घरात लाकडं जाळायची शेगडी? त्यात एकटे. डोळा लागला म्हणजे?" मग पुन्हा तेच पालुपद — माझ्याकडे राहायला या. तिच्या त्या सातव्या मजल्यावर! जावयाच्या टीव्हीसमोर काय पुतळा होऊन बसू? इथे वीज गेली की हीटर गार. गेला हिवाळा अंगावर कोट चढवून काढला. तिला बोललो नाही. कळलं तर उद्या गाडी घेऊन दारात.

४ नोव्हेंबर
कोपरा पुन्हा बदलला. दारामागे नको. जिन्याखाली तर नकोच. जन्मभर लोकांची मापं घेतली, आता भिंतीची घेतोय. शिंपी तो शिंपीच!

७ नोव्हेंबर
फिटर आला. बोलायला तुसडा. पाईप खिडकीतून काढू म्हटलं तर — "काका, धुराला वर जायचं असतं. आडवा फिरवला तर घरातच मुक्काम ठोकेल." म्हणजे छतातून सरळ वर, दुहेरी पाईप, लाकडाला कुठेही न टेकता, आणि टोक आढ्याच्याही वर. भिंतीला पत्रा, पण चिकटवून नाही. मागे हवा खेळायला हवी. खाली फरशी, तीही पुढे ऐसपैस, निखारा उडाला तर. माझा आवडता कोपरा बाद. बरोबर वर तुळई! जाम चडफडलो. पण त्याचं खरं होतं.

८ नोव्हेंबर
चैन नाही. सारखा उठून त्या रिकाम्या कोपऱ्यात उभा राहतो. लेकीचं खरं ठरलं तर?

१२ नोव्हेंबर
लेकीचा फोन नाही. मी केला तर "कामात आहे." फुगली असणार. फुगू दे! अलार्म आणले — धुराचा एक, विषारी वायूचा एक. ही असती तर म्हणाली असती, शेगडीपेक्षा तिची पथ्यंच फार.

१५ नोव्हेंबर
शेगडी बसली. आणि लेक न कळवता हजर! एकटीच. बॅग दारात टाकून तडक शेगडीच्या कोपऱ्यात. पत्र्यामागे हात घालून पाहिला.
"राख कुठे टाकणार?"
"पत्र्याच्या बादलीत. झाकण लावून, बाहेर."
"लाकडं वाळलेली आहेत ना?"
खुद्द फिटरनं एवढी उलटतपासणी केली नव्हती. मग त्यानं पेटवली, आणि धूर भसकन खोलीत! अलार्म किंचाळला. लेकीनं दंडाला धरून मला अंगणात ओढलं. मनात म्हटलं, झालं! आता उचलून नेणार.
फिटर खोकत बाहेर आला. "पाईपची झडप उघडायची राहिली. चूक माझी." दारं-खिडक्या उघडल्या, घर मोकळं केलं, पुन्हा पेटवली. धूर गुमान वर गेला. फिटरनं ती झडप मला दहादा उघडायला-मिटायला लावली.
लेक जाळाकडे बघत बसली.

१६ नोव्हेंबर
सकाळीच भांडायची तयारी करून बसलो — मी एकटा राहू शकतो, हात-पाय धड आहेत, सगळं पाठ. ती चहाचा कप धरून आली. म्हणाली, "बाबा, लाकडं जरा जास्तच मागवा. मी आता तिकडे परत जाणार नाही."
जावयाबद्दल विचारायचं पुष्कळ होतं. "मागवतो," एवढंच म्हटलं.