एकवीस नंबरची रिकामी जागा

हॉलर्स कोव्ह, मेन
रविवार, १९ ऑक्टोबर १९८६

चि. गिरीश यास,
अनेक आशीर्वाद.

माझी तब्येत ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, पण चालू देतात. सुचित्राही बरी आहे. तुझ्या शुगर लँडला अजून पंखे फिरत असतील. इथे काल सकाळी अंगणातल्या बादलीवर काचेसारखा पापुद्रा धरला होता. तू दिलेली माकडटोपी रोज घालतो.

गेल्या रविवारी फोनवर तू विचारलंस, "नाना, काम झालं का?" मी म्हणालो, लाइन खराब आहे, नीट ऐकू येत नाही. लाइन उत्तम होती. म्हणून हे पत्र.

पण आधी थोडं इथलं सांगू दे. बत्तीस वर्षं मी कऱ्हाडच्या शाळेत पाचवीला समुद्राची कविता शिकवली. शेवटच्या बाकापर्यंत लाटा पोचाव्यात म्हणून हात हलवून शिकवायचो. स्वतः समुद्र पाहिला तो चाळिशी आल्यावर. आमच्या कवितेतली वाळू मऊ होती आणि वारा मंद होता. इथे वाळूच नाही. नुसता दगड, आणि वारा असा की तोंडातली ओळ तोंडातच परत ढकलतो.

या दगडांवर रंगांचे पट्टे आहेत. अगदी पाण्यालगत काळा, कुणी डांबर सांडल्यासारखा. त्याच्या वर नारिंगी, जिथे समुद्रपक्षी बसतात आणि घाण करतात. त्याहून वर राखाडी, बारीक बारीक पानांचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, रंग उडालेत. सुचित्रा म्हणाली, "नाना, हे सगळं जिवंत आहे." ज्यांचा ती अभ्यास करते ती लायकेन हीच. काळं दिवसातून दोनदा खाऱ्या पाण्यात बुडतं. नारिंगीने उन्हापासून बचावासाठी तो रंग घेतलाय. थंडीत सगळी वाळून कडक होतात, श्वासही जवळपास थांबवतात, आणि धुकं आलं की काही मिनिटांत पुन्हा कामाला लागतात. शून्याच्या खालीसुद्धा थोडंथोडं काम चालू असतं म्हणे. मरत नाहीत, थांबतात. वर्षाला वाढ किती, तर नखाच्या कडेएवढी.

आणि प्रत्येक लायकेन म्हणजे एक जीव नसून दोन. एक बुरशी आणि एक शैवाल. एक दगड धरून घर बांधतो, दुसरा त्या घरात उन्हावर स्वयंपाक करतो. उघड्या दगडावर एकेकट्याचा निभाव लागत नाही. हे ऐकल्यावर मी खूश झालो. ज्या कामासाठी तू मला इथे पाठवलंस त्याला दृष्टांत आयताच हाती आला. संध्याकाळी चहाच्या वेळी विषय काढला, की बघ सुचित्रा, दगडावरच्या बुरशीलाही जोडीदार लागतो. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, "नाना, बुरशीने शैवालाला सोबत घेतलंय की कोंडून ठेवलंय, यावर अजून भांडणं चालू आहेत. शैवाल बाहेर काढलं तर बऱ्याचदा जास्त जोमाने वाढतं." दृष्टांत चहात बुडाला. मी बिस्कीट घेतलं.

दोन आठवड्यांत सुनेला तुझ्याकडे घेऊन येतो, असं मी तुला म्हणालो होतो. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. का, ते आता सांगतो.

बोलता बोलता ती एकदा म्हणाली होती की आपण गोड्या मसाल्यात घालतो ते दगडफूलही लायकेनच. हे माझ्या डोक्यात राहिलं. गणपतीच्या आदल्या दिवशी ती कामाला गेली होती. म्हटलं, तुझ्या आईच्या पद्धतीने मसाला करू, उद्या नैवेद्याला आमटी होईल. धणे, तीळ, खोबरं सगळं घरात होतं, दगडफूल तेवढं नव्हतं. आणि मी म्हणजे दगडफुलाच्या गावात बसलेलो. सुरी घेतली, खडकावर गेलो. एक राखाडी, गोल, पुरणपोळीएवढं सुरेख फूल होतं. शेजारी दगडात पितळी खिळा ठोकलेला आणि थोडा पिवळा रंग लावलेला. वाटलं, पोरांचा उद्योग. मुळापासून खरवडून आणलं.

खोबरं भाजताना छतावरचा धुराचा भोंगा ओरडत होता, तेवढ्यात ती आली. ताटलीत उरलेले राखाडी तुकडे पाहिले. एक बोटावर घेतला.

"कुठून आणलंत?"

"त्या मोठ्या खडकावरून. खिळा आहे ना, तिथून."

ती खुर्चीवर बसली. "तो एकवीस नंबर होता, नाना."

मग तिने कपाटातून प्लास्टिकचे पारदर्शक कागद काढले. दर सप्टेंबरला त्या फुलावर कागद ठेवून त्याची कड पेनाने गिरवायची, अशी अकरा वर्षं. अकरा कागद एकावर एक ठेवले की गोलात गोल दिसतात, अगदी जवळ जवळ. पहिल्या कागदावर तुझं अक्षर आहे, गिरीश. 'क्र. २१, वारा फार.' तेव्हा तू तिच्यासाठी कागद धरून उभा राहायचास. हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस.

ती रागावली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "मसाल्यात टाकलंत?"

"टाकलं."

"विषारी नाहीये. उद्या आमटी तरी करा."

आमटी तिने दोनदा वाढून घेतली. मी नुसत्या भातावर भागवलं. जेवण झाल्यावर तिने वहीत इंग्रजीत नोंद केली, की क्रमांक एकवीस माणसाने काढला. मी म्हणालो, माणसाने असं मोघम नको, नाव घाल. तिने घातलं.

आता जे लिहायचं टाळतोय ते. तीन वर्षांपूर्वी तू टेक्सासची नोकरी धरलीस आणि ती इथेच राहते म्हणाली, तेव्हा मी कऱ्हाडहून तिला एक पत्र पाठवलं होतं. तुला त्याचा पत्ता नाही. त्यात मी लिहिलं होतं, 'दगड कुठे पळून जात नाहीत, पाहायला परत येता येईल. नवऱ्याबरोबर जावं.' शब्द पाठ आहेत मला. लिहिताना स्वतःवर खूश होतो. तिने उत्तर दिलं नाही, आणि मी आल्यापासून तो विषयही काढला नाही. त्या रिकाम्या दगडापाशी मीच काढला. म्हणालो, ते लिहायला नको होतं, पोरी. चुकलो. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "गिरीशने एकदाही विचारलं नाही की इथे अजून किती वर्षांचं काम आहे. तुम्हीही नाही. नुसतं, कधी येतेस."

मग मी विचारलं. ती म्हणाली, आयुष्यभराचं.

म्हणून आता नीट ऐक. पंचवीस तारखेचं तिकीट कॅन्सल कर. मी इथे राहणार. उघड्या पडलेल्या दगडावर पहिलं लायकेन कधी येतं, कसं येतं, हेही कुणीतरी पाहायला हवं, असं ती म्हणाली. ते मी पाहणार. दर महिन्याला कागद ठेवायचा, काही दिसलं तर गिरवायचं, नाही दिसलं तर 'काही नाही' लिहायचं. पहिला ठिपका दिसायला चार-पाच वर्षंही लागतील. मी एकाहत्तरचा आहे. हिशोब मला येतो, तू करून दाखवू नकोस.

तिच्यावर उपकार म्हणून राहतोय असं समजू नकोस. तिने स्पष्ट सांगितलंय, "मला सोबत म्हणून राहणार असाल तर नको. मोजायला राहणार असाल तर हात कापता कामा नये." तेव्हा रोज सकाळी जुन्या कागदांवर हात बसवतो. तोंडाने भुजंगप्रयात म्हणत गिरवलं की रेघ सरळ येते. एका चरणात बोटभर. शाळेत ज्या वृत्तासाठी मुलांच्या हातावर पट्ट्या मारल्या, ते असं कामी आलं. बर्फासाठी बुटांना खिळ्यांच्या पट्ट्याही आणल्यात.

इथलं घर विकायचे कागद तिच्या सहीसाठी तू ज्या लिफाफ्यात दिले होतेस, त्याच लिफाफ्यात हे पत्र घालतोय. कागद आत आहेत, सहीविना. सही मी तिच्याकडे मागितलीच नाही, आणि मागणारही नाही. तुला हवी असेल तर तू ये आणि तूच माग. पण त्याआधी ती किती वर्षांचं काम म्हणते, ते तिच्या तोंडून ऐक.

सोबत एकवीस नंबरच्या पहिल्या कागदाची नक्कल ठेवली आहे. तिला विचारून केली. तुझी ओळही जशीच्या तशी उतरवली आहे.

आलास तर ओहोटीची वेळ विचारून ये. खडकाची वाट तेव्हाच उघडी पडते, आणि आम्ही दोघं तिथे असू. वारा अजूनही फार आहे. कागद धरायला एक माणूस कमी पडतो.

एकवीस नंबरच्या रिकाम्या जागेवर लक्ष ठेवून असलेला,
तुझा
नाना