वळलेली तिकिटं

प्रिय बंड्या,

आपल्या घड्याळाच्या दुकानाला गिऱ्हाईक मिळालं, महिनाअखेर व्यवहार उरकायचा, असं तू फोनवर आईला सांगितलंस. तुझं चुकलं नाही. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझ्या उजव्या हाताला चहाचा कप पेलत नव्हता, तिथे घड्याळाचा बारका स्क्रू काय पेलणार! मीही मनातून दुकानावर पाणी सोडलं होतं.

मग हिटरशेजारच्या कपाटात तुझा लहानपणचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम सापडला. कोरी तिकिटं उष्णतेने वाळून पार नळीसारखी वळली होती. तुझ्या आईला कुठला धीर! तिने त्यांच्यावर कॉलरसारखी इस्त्री फिरवली. मागचा गोंद वितळला, एक तिकीट इस्त्रीला चिकटून माझ्या शर्टाच्या पाठीवर गेलं आणि मी तसाच डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, “काका, काकूंनी तुम्हाला कुठे पाठवलंय?” आजारपणानंतर पहिल्यांदा मी पोट धरून हसलो.

घरी आल्यावर ते काम मी माझ्याकडे घेतलं. डब्यात तळाला ओला स्पंज, वर गाळणी, तिच्यात तिकीट, आणि झाकण. दमट हवेने ते हळूहळू सैल पडतं. थेंब लागला तर गोंद जातो, घाई केली तर तुकडा पडतो. सैल पडलं की चिमट्याने उचलून बटर पेपरात ठेवायचं, वर आईची जाडजूड पुस्तकं. चिमटा मात्र उजव्याच हातात, हा माझा हट्ट. सुरुवातीला हात असा थरथरायचा की आई तोंड फिरवून भाजी निवडत बसायची. काही कोपरे माझ्यापायी गेले, त्यात तुझं लाडकं जहाजाच्या चित्राचं तिकीटही आहे, रागावू नकोस. परवा सगळ्यात लहान तिकीट एका दमात उचललं. त्या दिवशी आईने चहात साखर चांगली सढळ हाताने घातली.

काल तिचंच बंद पडलेलं घड्याळ उघडलं. अर्ध्या तासाच्या कामाला अख्खी दुपार गेली, पण घड्याळ चालू झालं. ते मनगटावर बांधून ती सगळ्या शेजाऱ्यांना वेळ सांगत फिरतेय.

हे फोनवर सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारा हट्टाला पेटलाय. म्हणून लिहायला बसलो. ओळी उतरल्यात, अक्षर कोंबडीचे पाय झालंय, पण बघ, आईला एक शब्दही लिहू दिलेला नाही. सगळं माझ्या उजव्या हाताचं आहे. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांग, आणि दुकानाची किल्ली मला पाठव.

तुझाच, कामावर निघालेला,
बाबा